ओठ दाखवणारा वेबकॅम

लोक घर बांधल्याचं सांगतात, पोरगं डॉक्टर झाल्याचं सांगतात. मी वेबकॅम निवडल्याचं सांगतो. तो निवडायला मला दोन महिने लागले, त्यापायी एका मित्राशी आणि एका दुकानदाराशी माझं वाजलं, आणि मधे एकदा ऑफिसातली माणसं तोंड पाडून माझ्या टेबलापाशी सांत्वनाला आली. ऐकणारा जांभई देतो हे मला दिसतं. तरी सांगतो, कारण आयुष्यात जी दोनचार कामं मी मनापासून नीट केली, त्यात हे एक आहे.

दोन हजार सातच्या दिवाळीपासून सुरुवात झाली. मी तेव्हा पुण्याजवळ हिंजवडीतल्या एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासायचं काम करत होतो आणि तिथून जवळच्या नांदे गावात राहत होतो. घरमालक शेतकरी. पुढं त्यांचं घर, मागं भाड्यानं द्यायला बांधलेल्या चार खोल्या, त्यापलीकडं भाताची खाचरं. कडेची खोली माझी. मालकांना मी काका म्हणायचो, त्यांच्या बायकोला काकू. काका फार बोलायचे नाहीत. ती कसर काकू भरून काढायच्या.

माझं गाव यवतमाळ जिल्ह्यातलं, तालुक्याचं. तिथं आई आणि बाबा दोघंच. आईला ऐकू येत नाही. मी पाच वर्षांचा असताना तिला मोठा ताप आला, पंधरा दिवस दवाखान्यात काढले, आणि घरी आली तेव्हा कान गेले होते. बोलणं मात्र शाबूत राहिलं. ओठांकडं बघून समोरच्याचं बोलणं ओळखायचं, हे ती तिचं ती शिकली. आमच्याकडं ते शिकवणारं कोणी नव्हतं. बाबा शिलाईकाम करायचे. ती मशीनसमोर स्टूल टाकून बसायची, बाबा पाय थांबवून एक वाक्य म्हणायचे, ती ते मोठ्यानं परत म्हणायची, बरोबर असलं की बाबा मान हलवून पुन्हा मशीन चालवायचे. असे किती शर्ट आणि किती वाक्यं झाली असतील देव जाणे. प, ब आणि म ओठांवर एकसारखे दिसतात, आणि क, ग तर दिसतच नाहीत, ते आपणच भरून घ्यायचे असतात, हे मला तिनं सांगितलं. मी इंजिनिअर होऊन एवढं बारीक निरीक्षण कशाचंच केलेलं नाही.

फोन तिच्या कामाचा नव्हता. मी रविवारी बाबांच्या मोबाईलवर बोलायचो आणि बाबा तिला सांगायचे. बाबा मुळात कमी शब्दांचे. मी ऑफिसचं, खोलीचं, नांद्याच्या थंडीचं दहा मिनिटं सांगावं आणि बाबांनी तिच्याकडं वळून म्हणावं, "बरा हाये म्हन्ते." पुढं पुढं ती फोनजवळ येईनाशी झाली. मी पत्रं लिहिली. ती चौथी शिकलेली, वाचायची, पण म्हणायची, पत्राला तोंड नसते.

त्या दिवाळीत मी परत निघालो तेव्हा ती माझ्या बॅगेत चकल्यांचा डबा बसवत होती. माझ्याकडं न बघताच म्हणाली, "तू वर्षातून दोनदा बोलते माह्यासंग. बाकी समदं तुह्या बापाकडून येते." तिच्या बोलण्यात रडगाणं नव्हतं. हिशोब सांगावा तसं तिनं ते सांगितलं, म्हणून मला जास्त लागलं. मी तिच्या खांद्याला हात लावला, तिनं वर बघितल्यावर म्हटलं, "संक्रांत झाली की दर रविवारी बोलू. तुझ्याशी. बाबांशी नाही." तिनं वाक्य परत म्हटलं आणि माझ्याकडं अशी बघत राहिली की आता मागं फिरायची सोय उरली नाही.

उपाय मला ठाऊक होता. गावात बसस्टँडजवळ नवा सायबर कॅफे निघाला होता, तिथल्या कॉम्प्युटरला मोठा पडदा होता. बाबा तिला तिथं आणतील, मी माझ्या खोलीतून कॅमेऱ्यात बोलेन, ती पडद्यावर माझे ओठ बघेल. काकांच्या घरच्या टेलिफोनवर ब्रॉडबँड होतं, त्याची वायर मी आधीच खोलीत ओढून घेतली होती. राहता राहिला वेबकॅम. आणि तिथं माझं लिनक्स आडवं आलं.

माझ्या कॉम्प्युटरवर विंडोजच्या जागी फुकट मिळणारं लिनक्स होतं, आणि नुसतं लिनक्सच होतं. आडगावच्या कॉलेजात शिकलेल्या मला एका मासिकाबरोबर आलेली सीडी मिळाली होती, तिच्यावर मी ते शिकलो. शिकवायला कोणी नव्हतं. मुलाखतीत त्याच्यावरच मी पुण्या-मुंबईच्या पोरांच्या पुढं गेलो होतो. त्यामुळं लिनक्सला कोणी नावं ठेवली की माझं डोकं फिरायचं. पण वेबकॅम बनवणारे तेव्हा लिनक्सचा विचारही करत नसत. खोक्यात विंडोजची छोटी सीडी टाकली की त्यांचं काम संपलं.

पहिला वेबकॅम मी डिसेंबरात पुण्यातून आणला. खोक्यावर मोठ्या अक्षरात मेगापिक्सेल लिहिले होते. लावला. दिवाही लागला नाही. दोन रविवार मी त्याच्याशी झटापट केली, शेवटी चित्र आलं ते हिरवं आणि उलटं. ऑफिसात माझा एक मित्र होता, शेजारच्या टेबलावरचा. तो म्हणाला, "विंडोज टाक ना यार. पाच मिनिटांचं काम आहे. सीडी मी देतो." मी म्हटलं, चोरीची सीडी मला नको. तो हसला आणि म्हणाला, "आई मोठी की लिनक्स?"

मी त्याच्याशी आठवडाभर बोललो नाही. राग त्याचा नव्हताच, कारण त्याचं खरं होतं. पाच मिनिटांत झालं असतं. आई तिकडं वाट बघत होती आणि मी इकडं आपला झेंडा धरून बसलो होतो. मी मनाशी ठरवलं, संक्रांतीपर्यंत करतो, नाही जमलं तर निमूटपणे त्याच्याकडून सीडी घेतो. पण ज्याच्या जोरावर मी इथवर आलो, त्याच्यातूनच आईशी बोलायचं, ही हौस काही केल्या सुटत नव्हती. हट्टच म्हणा.

मग मी नोकरीत जे करतो तेच करायला घेतलं. तपासणी. नेटवर जगभरच्या हौशी लोकांनी याद्या करून ठेवल्या होत्या, कोणता कॅमेरा लिनक्सवर चालतो, कोणता नाही. त्या वाचताना पहिली गोष्ट कळली ती ही, की खोक्यावरच्या नावाला काही अर्थ नाही. महत्त्व आतल्या चिपला. एकाच नावाच्या, एकाच रंगाच्या दोन खोक्यांत दोन वेगळ्या चिपा निघायच्या, एक चालायची आणि दुसरी मुडद्यासारखी पडून राहायची. प्रत्येक चिपेचा एक नंबर असतो, तो कॅमेरा लावल्यावरच समजतो. मी चालणाऱ्या नंबरांची चार पानं हातानं उतरवून घेतली.

दुसरी गोष्ट मला कोणी सांगितली नाही, ती मी शोधली, आणि तिचा मला आजही गर्व आहे. दुकानं मेगापिक्सेल विकत होती. आईला मेगापिक्सेल नको होते. चित्र कितीही रेखीव असलं आणि सेकंदाला पाचच वेळा बदलत असलं, तर दोन चित्रांच्या मधे माझे ओठ मिटून उघडणार आणि अख्खं अक्षर गळणार. तिला लहान चित्र चालेल, पण ते सेकंदाला पंचवीस-तीस वेळा बदललं पाहिजे. मी पहिल्या कॅमेऱ्यावर स्वतःला बोलताना टिपलं आणि आवाज बंद करून बघितलं. माझं मलाच वाचता येईना. "पापड" म्हटलं होतं की "मामा", काही पत्ता लागत नव्हता. त्या दिवशी पहिल्यांदा कळलं, आई रोज काय करत होती.

संक्रांतीच्या आधीच्या शनिवारी मी पुण्यात कॉम्प्युटरच्या सामानाच्या दुकानांच्या तपकीर गल्लीत गेलो. खिशात चार पानं आणि एक सीडी. ही सीडी कॉम्प्युटरात घातली की त्याच्या हार्ड डिस्कला हात न लावता लिनक्स सुरू व्हायचं. सीडी काढली की मशीन होतं तसं. दोन दुकानांत मला सरळ बाहेरचा रस्ता दाखवला. तिसऱ्या दुकानदारानं पाच खोकी पुढं ठेवली आणि सगळे उत्तम आहेत म्हणाला. मी म्हटलं, लावून बघतो.

"लावून काय बघायचं? वेबकॅम आहे तो, घोडा नाही," तो म्हणाला.

मी सीडी दाखवली तेव्हा तो चिडला. व्हायरस येईल, गिऱ्हाईक खोळंबेल, नको असेल तर चालू लागा. माझाही आवाज चढला. मग काय वाटलं कोण जाणे, मी त्याला खरं सांगून टाकलं. आई बहिरी आहे, ओठांवरून वाचते, माझ्याकडं लिनक्स आहे, घरी जाऊन चालला नाही तर मी पुढच्या शनिवारी पुन्हा येऊन तुमचं डोकं खाणार. त्यानं खालून डबा काढला. मग कोपऱ्यातलं एक मशीन दाखवून म्हणाला, "मी डबा खातोय. माझं जेवण होईपर्यंत काय करायचं ते करा."

मी एकेक कॅमेरा लावत गेलो. पहिला मेला. दुसऱ्याचा नंबर माझ्या पानांवर होता, पण चित्र रखडत होतं. तिसऱ्यात माझा चेहरा जांभळा. चौथा बरा चालला. मी आवाज न करता त्याच्यापुढं "आई, भाकरी, बाबा, मिरची, पाणी" असं म्हणत होतो आणि नंतर टिपलेलं बघत होतो. दुकानात आलेली दोन माणसं माझ्याकडं बघून जरा लांब सरकली. दुकानदार डबा तसाच ठेवून माझ्यामागं येऊन उभा राहिला. पाचवा कॅमेरा दिसायला सगळ्यात गरीब होता, करड्या रंगाचा, खोक्याचा कोपरा चेपलेला, मेगापिक्सेल सगळ्यांत कमी. तो लावला आणि माझे ओठ पडद्यावर लोण्यासारखे हलले. मिटले ते दिसले, उघडले ते दिसले.

"पाणी म्हणालात," मागून दुकानदार म्हणाला. त्याला आवाज ऐकू गेलेला नव्हता. मी वळून बघितलं तर तो स्वतःवरच खूश झाला होता. त्यानं त्याच प्रकारची आणखी तीन खोकी फोडून आतला नंबर तोच आहे का तेही मला बघू दिलं. मी हिंजवडीच्या बसमध्ये ते चेपकं खोकं मांडीवर धरून बसलो तेव्हा अंगावर मूठभर मांस चढलं होतं.

संक्रांतीनंतरच्या पहिल्या रविवारी अकरा वाजता बाबा तिला कॅफेत घेऊन आले. माझ्या पडद्यावर लाकडी फळ्यांचा आडोसा दिसला, मग बाबा, मग तिळगुळाच्या रंगाच्या साडीत आई. ती पडद्याच्या इतकी जवळ आली की नुसतं कपाळ दिसायला लागलं. बाबांनी तिला मागं ओढलं. मी सावकाश म्हटलं, "आई, मी बोलतोय ते कळतंय का?"

ती बघत राहिली. परत काही म्हटलं नाही. मी पुन्हा म्हटलं. मग ती म्हणाली, आणि तिचा आवाज नेहमीसारखा इतका मोठा, की बाबांनी तळहात खाली दाबून तिला खूण केली, "तुह्यं तोंड दिसते रे. बोलनं नाई दिसत."

माझं तोंड उतरलं. ते तिला दिसलं असणार, कारण ती लगेच म्हणाली, तुले पाह्यलं, तेवढं पुरे.

पुरे कसं? मी आठवडाभर कारण शोधलं. एक सापडलंही. खोलीत उजेड कमी, आणि उजेड कमी असला की कॅमेरा आपणहून चित्रांची गती कमी करतो. पुढच्या रविवारी मी टेबल, मॉनिटर, सगळा पसारा उचलून काकांच्या पडवीत मांडला आणि घरातून वायर ओढली. भरपूर ऊन. चित्र सुरेख. आईनं बघितलं, मान वाकडी केली, डोळे बारीक केले. चार वाक्यांतलं एक तिनं पकडलं, तेही "जेवलीस का", जे मी नेहमीच विचारतो. तिसऱ्या रविवारी मी चित्र लहान केलं, गती वाढवली, चेहरा कॅमेऱ्याच्या अगदी समोर आणला. तेच. मी कॅमेरा चालवणाऱ्या ड्रायव्हर सॉफ्टवेअरला शिव्या दिल्या, कॅफेला दिल्या, त्या दुकानदाराचीही आठवण काढली. बाबा माझ्याकडं बघत होते.

मग बाबा माईकजवळ वाकले. "मिशी काढ," ते म्हणाले.

आईला त्यांचे ओठ दिसले. तिनं झटकन त्यांच्या दंडावर हात ठेवला. "नको काढू रे," ती मला म्हणाली. "बाप जिता हाये तुहा."

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. घरी असताना माझी मिशी बेताची असायची. नांद्याला आल्यावर मी ती काकांसारखी वाढवली होती, दोन्ही बाजूंनी भरदार, वरचा ओठ झाकणारी. काकांनी एकदा "शोभतीया" म्हटलं होतं, त्यांच्या तोंडून ते एवढंच निघालं, म्हणून मला तिचा जास्तच अभिमान. माणूस समोर असला तर आई हनुवटीवरून, गालांवरून बाकीचं भरून काढते. पण नेटवरून पोचणाऱ्या त्या छोट्या चित्रात मिशी म्हणजे ओठांवर ओढलेला काळा पट्टा होता. आईला हे पहिल्या रविवारीच कळलं होतं. तीन रविवार ती गप्प बसली होती, कारण आमच्याकडं बाप गेल्यावर मुलगा मिशी उतरवतो. बाप असताना उतरवणं म्हणजे त्याचं मरण मागणं. बाबांच्या आयुष्याच्या मोबदल्यात तिला माझं बोलणं नको होतं.

मी म्हटलं, "कात्रीनं बारीक करतो." तिथंच आरसा मागवून केली. नाही भागलं. खुंटांची सावली ओठावर पडतच होती.

बाबा पुन्हा माईककडं वाकले. आता ते जे बोलले तेवढं सलग बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. "काढ तू. म्या काढली व्हती. तुह्या मायचे कान गेले तवा. माहा बाप जिता व्हता. चार महिने तोंड नाई दावलं त्यानं मले. म्हने, माह्या मरनाची वाट पाह्यते. त्याच्यानंतर पंधरा वर्सं जगला तो."

मी त्यांच्या तोंडाकडं बघितलं. बाबांचा वरचा ओठ मी कळत्या वयापासून साफ बघितला होता. त्यांना मिशी आवडतच नसेल, असंच मी धरून चाललो होतो. तिला त्यांचं बोलणं वाचता यावं म्हणून एका शिंप्यानं बापाचा राग चार महिने सोसला होता, आणि पंचवीस वर्षांत घरात त्याचा एकदाही उल्लेख झाला नव्हता. आई पडद्यावर नुसती बाबांकडं बघत होती. त्या क्षणी मला माझ्या चार पानांचा, सीडीचा, पाच कॅमेऱ्यांचा अभिमान वाटायचा थांबला आणि या माणसाचा वाटायला लागला.

शनिवारी सकाळी मी मिशी उतरवली. त्या शनिवारी ऑफिस होतं. मी जागेवर बसलो आणि अर्ध्या तासात आजूबाजूला कुजबुज सुरू झाली. सांगली, बीड, जळगाव, सगळ्यांकडं रीत सारखीच. शेजारचा मित्र, तोच "आई मोठी की लिनक्स"वाला, माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "कधी झालं? सांगितलं पण नाहीस." मागं आणखी तिघं खाली मान घालून उभे. मी म्हटलं, बाबा ठणठणीत आहेत, वेबकॅमसाठी काढलीय. त्यांची समजूत पटायला अख्खी दुपार गेली. त्यात त्याच्याविषयीची उरलीसुरली अढीही गेली.

संध्याकाळी काकूंनी मला गेटातच गाठलं. हातातली कळशी त्यांनी खाली ठेवली. "आरं, बाबा बरं हायेत न्हवं?"

"बरे आहेत काकू. त्यांनीच काढायला सांगितली."

"बापानं सांगितलं? मिशी काढाया?" त्यांचा विश्वास बसेना. "हे असलं न्हाई ऐकलं कुटं. उद्या बोलशील तवा मला दाव त्यास्नी. डोळ्यांनी बघितल्याबिगार मला चैन पडायची न्हाई."

रविवारी अकराला मी पडवीत बसलो तेव्हा काकू माझ्या खुर्चीमागं येऊन उभ्या होत्या. काकाही कामाचं निमित्त काढून उंबऱ्यात थांबले. पडद्यावर बाबा दिसल्यावर काकूंनी त्यांना नमस्कार केला, बाबांनीही केला, आणि काकूंचा जीव भांड्यात पडला. आई मधे आली. माझा उघडा ओठ बघून तिचा चेहरा क्षणभर ओढला गेला. तिनं बाजूला हात नेऊन बाबांचं मनगट धरलं, जणू ते आहेत ना हे एकदा चाचपून घ्यावं.

मी म्हटलं, "आई, नांद्याला थंडी पडलीय. तू दिलेली गोधडी रोज पांघरतो."

तिनं ओठ हलवत शब्द जुळवले. मग मोठ्यानं म्हणाली, "नांद्याले थंडी पडली. गोधडी रोज पांघरतो."

मी पुढं बोललो. ऑफिसात लोक कसे सांत्वनाला आले ते सांगितलं. ती वाक्य परत म्हणत गेली, मग एका ठिकाणी परत म्हणायचं विसरून नुसती मान हलवत हसायला लागली. तेव्हा मला कळलं की आता ती वाचत नाहीये, ऐकतेय. दहा मिनिटं झाली. बाबा तिच्या शेजारी मधे सांगायच्या तयारीत बसले होते. त्यांच्याकडं तिनं एकदाही बघितलं नाही. मग ते उठले, आडोशाच्या बाहेर गेले, आणि पुन्हा आत आले नाहीत. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही, तिला सगळं दिसतच होतं.

माझ्यामागं काकू पुढं वाकून हे सगळं बघत होत्या. त्या काकांकडं न वळता, तोंडातल्या तोंडात पुटपुटल्या, "बिचारी नुसतीच मान हालवतीया. हिला काय कळतंय?"

मला ते जेमतेम ऐकू आलं. मी काही म्हणणार, तेवढ्यात आईची नजर माझ्या चेहऱ्यावरून उचलली गेली आणि माझ्या खांद्यावरून मागं गेली. हे एक वाक्य तिनं पंचवीस वर्षांत किती ओठांवर बघितलं असेल. बाजारात, लग्नात, दवाखान्यात, आमच्याच नातेवाइकांत. कुठल्याही बोलीत, कितीही लहान चित्रात ती ते ओळखणारच.

"कळते बाई," ती म्हणाली. रागानं नाही. "समदं कळते मले. तुमी सांगा, पोरगा टायमावर जेवते काय?"

काकूंनी पदर तोंडावर घेतला. मग लक्षात येऊन लगेच खाली केला, कारण ओठ झाकले तर तिला वाचता येणार नाही. त्यांनी माझ्या खांद्याला ढोसलं आणि मी खुर्ची सोडली. त्या बसल्या, पदर नीट केला आणि कॅमेऱ्यात बघत म्हणाल्या, "टायमावर कशाचा जेवतोय."

दोनतीन वाक्यं काकूंना पुन्हा सांगावी लागली. बाकी वीस मिनिटं त्या दोघी माझ्या तक्रारी एकमेकींना सांगत होत्या. मी काकांशेजारी उंबऱ्यात उभा होतो, आणि माझ्या आईला मधे कोणीही काही समजावून सांगत नव्हतं.